त्रेचाळिसावा पेपर

विश्वास ठेवा, नका ठेवू... पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय.

भारतीअक्का. धारवाडला रायापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स शिकवते. कॉलेजचं नाव सांगत नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्र नव्हती. सकाळचे अकरा... बाहेर लख्ख ऊन.

वर्गात चाचणी चालू होती. मुलं बेचाळीस. हजेरी अक्कानं स्वतः घेतलेली.

सगळे खाली मान घालून लिहीत होते. आणि मागच्या रिकाम्या बाकावरून...

पेनाचा आवाज.

कागद फाटेल इतका दाबून.

अक्का मागं गेली. आवाज थांबला. बाकावर कुणी नव्हतं.

तास संपल्यावर तिनं पेपर मोजले.

त्रेचाळीस.

शेवटच्यावर नाव नव्हतं. एकच प्रश्न सोडवलेला. एका समारंभात लोक एकमेकांशी हात मिळवतात. ज्यांनी विषम वेळा हात मिळवले, त्यांची संख्या नेहमी समच का येते?

उत्तर पुस्तकातलं नव्हतं. सुरुवातीला कुणीच हात मिळवलेला नाही, म्हणजे विषम वेळा मिळवलेले लोक शून्य. पुढं दोघांनी हात मिळवला की ही संख्या दोनानं वाढते, दोनानं घटते, नाहीतर तेवढीच राहते. संपलं.

ही सिद्धता अक्कानं आधी एकदाच पाहिली होती. अक्षरही तेच...

सरस्वतीचं.

अळणावरजवळच्या खेड्यातली, शेतमजुराची पोर. वर्षापूर्वी तिनं हेच लिहिलं, तर विभागप्रमुखांनी लाल शाईनं काट मारली. असल्या घरच्या पोरीला हे सुचणं शक्य नाही, म्हणाले. कॉपीचा ठपका ठेवला, परीक्षेला बसू दिलं नाही. त्याच संध्याकाळी घरी जाताना भावाच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. भाऊ वाचला.

ती नाही.

सिद्धता बरोबर आहे, हे अक्काला तेव्हाच कळलं होतं. नोकरी नवी होती. ती गप्प बसली.

आता भीती वाटायला हवी होती... पण अंगाची आग झाली. त्यांच्यावर संताप, आणि स्वतःवरही.

ती तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. पेपर टेबलावर आपटला. कुणीतरी चेष्टा केली असेल, फाडून टाका, असं ते कन्नडमधून शांतपणे म्हणाले. पण अक्षर पाहिल्यावर त्यांनी कागदाला हात लावला नाही.

दार उघडंच होतं. बाहेर सगळा स्टाफ.

"त्या पोरीनं कॉपी केली नव्हती, सर," अक्का म्हणाली. "मला माहीत होतं. तुम्हालाही."

चार महिने ती भांडली. अर्ज केले, बोलणी खाल्ली. शेवटी ठपका रद्द झाल्याचं पत्र निघालं.

ते घेऊन ती सरस्वतीच्या गावी गेली. तिची आई मथुरा भर दुपारी दारात भांडी घासत होती. अक्कानं सगळं सांगितलं, माफी मागितली, पत्र पुढं केलं.

मथुरानं ते घेतलं नाही. रडलीही नाही. डोळ्यांत नुसता अंगार.

"मला वाचता येत न्हाई, बाई. तिलाच द्या."

अक्का तिच्यासमोर खाली बसली.

"रोज सकाळी पिशवी घेऊन निघती..." मथुरा तांब्याला राख लावत म्हणाली. "तुमच्याकडंच येती की. अजून का बसू देत न्हाईसा तिला?"

ते पत्र अजून अक्काच्या पर्समध्ये आहे. रोज कॉलेजला नेते.

कुणाला द्यायला... ते मी विचारलेलं नाही.