रागाकडे बघणारं कुणीतरी

ग्वाल्हेरच्या कंपू भागात, हॉस्पिटलांच्या गल्लीत माझी रक्त तपासायची लॅब आहे. काचपट्टीवर दिसत नाही ते मी मानत नाही. म्हणून माझा नवरा पुष्कर रोज सकाळी फूलबागेत ध्यानाला जाऊ लागला, तेव्हा मी नुसती हसले. मंत्र नाही, आसन नाही. मनात येईल त्याकडे बघायचं आणि मग बघणाऱ्याकडे बघायचं. एवढंच.

आम्हा ग्वाल्हेरकरांची घरातली मराठी निम्मी हिंदीच. "अवंतिका, जल्दी चाय ठेव ना यार," हे पुष्करचं रोजचं. भांडण तर अख्खं हिंदीत. चिडला की घर डोक्यावर घ्यायचा, आणि मीही काही कमी नव्हते.

एका सकाळी तो म्हणाला, "अवंतिका, चहा ठेवतेस का?" हळू, स्वच्छ. आमच्या घरात पाच पिढ्यांत कुणी असं बोललं नसेल. तो उकळता चहा त्याच्या हातावर सांडला, तरी तो हाताकडे नुसता बघत राहिला.

सासूबाई हरखल्या. "किती शुद्ध बोलतो गं आता! ध्यानाने संस्कार जागे झाले बघ." मराठी मंडळात मिरवूनही आल्या. माझं डोकंच फिरलं. स्वतःचा मुलगा ओळखू येत नाही या बाईला?

मला माझा नवरा परत हवा होता. भांडकुदळ तर भांडकुदळ. रविवारी दुपारी जेवताना मी त्याला मुद्दाम डिवचलं. त्याच्या आईला तिच्यासमोर बोलले, गेलेल्या वडिलांनाही सोडलं नाही. पूर्वी त्याने ताट भिरकावलं असतं. तो जेवत राहिला. शेवटी माझं ताट मीच भिरकावलं. वरण भिंतीवरून ओघळलं.

"आदमी हो कि पत्थर?" मी ओरडले. "गाली तो दो मुझे!"

"तुला राग आलाय," तो म्हणाला. "तो कुणाला दिसतोय, बघ."

मी बघणार नव्हते. पण असं कुणी म्हटलं की बघितलं जातंच.

राग दिसला. तो बघणारं कुणीतरीही दिसलं. त्याला राग नव्हता.

ते माझ्याकडे वळलं.

"भिंत पुसून घेते," माझं तोंड म्हणालं. हळू, स्वच्छ. हात फडक्याकडे गेले. आत मी किंचाळत होते, शिव्या देत होते, पण कुणी मान वर केली नाही.

"बघ, तूही सुधारलीस," सासूबाई म्हणाल्या.

समोर पुष्कर डोळे मिटून शांतपणे घास चावत होता.

आणि मी होते तिथेच, अगदी कानाशी, पुष्करचा रडवेला आवाज आला.

"यार अवंतिका, तूने क्यों देखा?"