एक दुरुस्ती फुकट

शिडी डगमगली आणि मंजुषाच्या डब्यातला पिवळा रंग थेट खालून जाणाऱ्या माणसाच्या टपालाच्या पिशवीवर सांडला.

"अवो, वर चढून राह्यल्या त खाली कोनाले तरी धरायले सांगा ना!" असं म्हणत त्यानंच शिडी धरली.

केनवडच्या शाळेच्या भिंतींवर ती पाढे आणि पक्षी रंगवत होती. हा सतीश, गावातला नवा पोस्टमन. त्या दिवसापासून टपाल वाटून झालं की तो शाळेवरून जायचा आणि घटकाभर शिडी धरायचा. गंमत म्हणजे धरताना वर कधी बघायचा नाही. नजर सगळी समोरच्या लिंबाच्या झाडाकडे. अख्ख्या गावाला 'भाऊ' म्हणणारी मंजुषा त्याला मात्र चुकूनही भाऊ म्हणाली नाही!

रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत ती पायरीवर बसून मोबाइलवर टकटक करायची.

"कोनाले एवढे मेसेज?" त्यानं एकदा विचारलंच.

"मेसेज नाई, काम हाय. भिंती काय रोज भेटतात? मंग लोकायले ऑनलाइन लिहून देते. कूलरची माहिती, हॉटेलच्या जाहिराती, लग्नाचे बायोडाटेबी. त्याच्यावरच त रंगाचे डबे येतात." ती हसली. "पसंत नाई पडलं त एक दुरुस्ती फुकट!"

 तो लिंबाकडे बघत म्हणाला, "मंग... माझाबी लिहून द्या. आई मांगं लागली हाय."

मंजुषाचं हसू मावळलं. पण काम म्हणजे काम.

उंची, शिक्षण, नोकरी भरून झाली. 'स्वभाव' आला आणि तिचा हात थांबेचना. 'म्हाताऱ्यांची पत्रं वाचून दाखवल्याशिवाय दारातून हलत नाही. शिडी धरतो तेव्हा वर बघत नाही.' 'अपेक्षा' त्यानं सांगितल्याच नव्हत्या. तो रकाना कोरा ठेवून तिनं पाठवून दिलं... आणि मग जीभ चावली. शिडीचं वाक्य! कोणत्या पोरीच्या बापानं वाचायचं ते? पण तोवर दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या.

दोन दिवस तो फिरकला नाही. भिंत संपत आली. उद्या ती रिठद गावच्या कामावर जाणार, आणि हा पोरगी बघायला. तिला रडू येत होतं, पण मोराचं पीस रंगवताना रडून कसं चालेल?

तिसऱ्या दिवशी शिडी एकदम स्थिर झाली.

"आईनं वाचला," खालून आवाज आला. "म्हने, सतीश, हे शिडी कोनाची रे?"

मंजुषानं वरूनच खाली वाकून पाहिलं.

"दुरुस्ती फुकट म्हनल्या होत्या ना?" त्यानं बायोडाट्याचा छापलेला कागद वर धरला. 'अपेक्षा'च्या रकान्यात वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं — 'जिची शिडी धरली, तेच पाह्यजे. तिचं रंगाचं अन् लिहायचं, दोन्ही काम चालू राहीन.'

आणि आज पहिल्यांदाच तो लिंबाकडे नाही, वर बघत होता.

"अक्षर... लय खराब हाय तुमचं," ती कशीबशी म्हणाली. डोळे भरून आले होते.

"मंग करता दुरुस्ती?"

तिनं ब्रश डब्यात ठेवला, शिडीच्या दोन पायऱ्या उतरली आणि कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

"नाई," ती म्हणाली. "एक शब्दबी बदलू नका. हे फायनल."