दोन ठोके

रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात आधी खोडरबराने घासायचे, ही मंजुळाची पद्धत. दुकानात मिळणारे महागडे स्प्रे तिने कधी घेतले नाहीत. शाळेच्या दप्तरातला असतो तसला पांढरा खोडरबर, हलका हात आणि शेवटी एक फुंकर, बस्स. लालबागच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर तिने आजवर पंचवीस-तीस कम्प्युटर जोडून दिले होते. खाली गल्लीत मिरच्या कुटणारे डंक धडधडत असायचे आणि वर मंजुळा शिंका आवरत स्क्रू पिळत असायची.

२०१४ सालच्या नोव्हेंबरातला तो शुक्रवार मात्र तिच्या दृष्टीने साधा नव्हता. दादरला शिवा नावाच्या माणसाचं गेमिंग पार्लर उघडणार होतं. बारा मशीन. एरवी मंजुळाला पाहिल्यावर लोक विचारायचे, "जोडणारे कधी येतील?" आणि ती "मीच" म्हणाली की हसू दाबायचे. शिवा हसला नव्हता. त्याने अट घातली होती.

"ताई, एक सॅम्पल मशीन बनव. मेमरी टेस्ट लावायची, शुक्रवारी दुपारपासून रविवारी पाचपर्यंत नॉनस्टॉप. एक पण एरर नको. क्लिअर झाली तर बारा मशीन तुझ्या. हँग झाली तर सॉरी हां, मी दुसरा माणूस बघीन."

दुपारी एकला तो टेस्ट चालू झालेली बघायला येणार होता. साडेअकरा वाजले होते आणि मशीन काही केल्या सरळ चालत नव्हती.

घोळ रॅमचा होता. शिवाला त्याच्या जुन्या मशीनमधली चार जीबीची पट्टी वापरायची होती. जोडीला तिने नवी चार जीबीची आणली होती. जुनी एकटी लावली की ठीक. नवी एकटी लावली की तीही ठीक. दोघी शेजारी बसल्या की दहाव्या मिनिटाला स्क्रीनवर लाल ओळी, नाहीतर सुरुवातीलाच लांबलचक रडका बीप. दुकानदाराने सांगितलं होतं, मॅडम, मिक्स करू नका. पण जुनीसारखी दुसरी आता मिळत नव्हती.

"काय झाला गो?" अप्पांनी मोठ्याने विचारलं.

अप्पा, म्हणजे तिचे वडील गणपत, मोठ्यानेच बोलायचे. गिरणीच्या साचेखात्यात, शेकडो मागांच्या आवाजात बावीस वर्षं काढलेला माणूस. कान तिथेच ठेवून आलेला. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. मंजुळा त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "एक हळू आहे, एक चपळ. शेजारी बसवल्या की चपळीने हळूच्या चालीने चालायचं असतं. तसं जमत नाहीये यांचं."

अप्पांना ते लगेच पटलं. "जोडीदार जमाक व्हयो. माजो नि कुशाबाचो जमलेलो."

कुशाबा, अप्पांच्या शेजारच्या मागांवरचा. त्याची गोष्ट मंजुळाने इतक्यांदा ऐकली होती की तिला ती तोंडपाठ होती. साचेखात्यात एकेका कामगाराकडे दोन साचे, म्हणजे माग. कुणाला पाणी प्यायला, तंबाखू मळायला बाहेर जायचं असलं तर हाक मारून उपयोग नाही, कारण ऐकू कुणाला येणार? मग शेजाऱ्याच्या साच्यावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्याने दोन ठोके द्यायचे. कानाला नाही, पण लोखंडाला धरलेल्या हाताला ते कळतात. शेजाऱ्याने उलट दोन ठोके दिले की तो आता चारही साचे बघणार. परत आल्यावर एक ठोका: सुटलास. तो एक ठोका मिळेपर्यंत शेजाऱ्याने जागा सोडायची नाही, मग काहीही होवो. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

दिवसातून चार वेळा बाहेर जायचे ते अप्पा. कुशाबा कधीच नाही. "एकदा तरी माज्यावर सोडून जा रे," असं अप्पा म्हणायचे, तेव्हा तो हसून म्हणायचा, "जाईन की. एकदमच जाईन."

ब्याऐंशीच्या संपाच्या आधीची शेवटची पाळी चालू असताना गेटवर निरोप आला, बायकोला कळा सुरू झाल्या. अप्पांनी दोन ठोके दिले आणि धावत सुटले. त्या पाळीत मंजुळा जन्मली. दुसऱ्या दिवसापासून संप, आणि अप्पांचे साचे त्यांना पुन्हा दिसलेच नाहीत. कुशाबाने बाळंतिणीसाठी आपल्या घरातला अर्धा तांदूळ आणून दिला, पोरीच्या मुठीत एक रुपया ठेवला आणि महिन्याभराने तो गावाला निघून गेला. तिथेच तापाने गेला. पोस्टकार्ड आलं तेव्हा अप्पा रडले नाहीत, म्हणे, फक्त म्हणाले, "त्याका एक ठोको देवचो रव्हलो."

त्या दिवशी अप्पांच्या हातातच घरी आलेला गुळगुळीत धोटा दर दसऱ्याला फळीवरून खाली यायचा, त्याला हळदकुंकू लागायचं आणि अप्पा त्याच्यापुढे डोकं टेकायचे. मंजुळाही टेकायची. आपण जन्मलो त्या पाळीत बापाची जागा कुणीतरी धरून ठेवली होती, याचं ऋण तिला मनापासून वाटायचं.

तिने मशीन बंद केली, नवी पट्टी काढली, पुन्हा घासायला घेतली. साडेबारा झाले होते. 

अप्पा उठले. फळीवरून धोटा घेतला आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर टक टक, दोन ठोके दिले.

"बघ रे वाईच," ते मशीनला म्हणाले आणि तिच्याकडे वळून हसले. "चल, आता दोन घास खाऊन घे. सकाळपासून पोटात काय नाय तुज्या."

तिलाही हसू आलं. हातातली पट्टी ठेवून ती आत गेली. भात, सुकटीचं कालवण. दुसरा घास तोंडात असतानाच बाहेरच्या खोलीतून बीप ऐकू आले. छोटे, स्वच्छ. दोन.

अप्पा मोरीत हात धुत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. पण तळव्यांना काही कळल्यासारखं त्यांनी पायाखालच्या लादीकडे पाहिलं.

ती बाहेर आली तर टेस्ट चालू होती. निळ्या स्क्रीनवर पांढरे आकडे, वरच्या कोपऱ्यात मेमरी ८१९२. पूर्ण आठ जीबी. लाल ओळ एकही नाही. उठताना आपणच पट्टी बसवून बटण दाबलं असणार, तिने मनाशी म्हटलं. घाईत माणूस काय काय करतो. आत न बघताच झाकण लावून तिने स्क्रू आवळले, तोच शिवा आला. त्याने आकडे पाहिले, झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावली, तीवर सही केली.

"मनावर घेऊ नकोस ताई. माझा पार्टनर शंकेखोर आहे."

शनिवारी सकाळपर्यंत टेस्टचे अकरा फेरे झाले. चूक शून्य. मंजुळाने देवापुढे साखर ठेवली. दुपारी पुसायला गेली तेव्हा पंख्याच्या जाळीवर पांढरं काहीतरी दिसलं. धूळ म्हणून तिने बोटाने काढलं. कापसाचं तूस होतं. तिने चाळीखाली गादीवाला आलाय का म्हणून वाकून पाहिलं. नव्हता.

संध्याकाळी जाळी पुन्हा पांढरी.

खोलीत तेलाचा वास होता, यंत्राच्या तेलाचा, आणि त्यात मिसळलेला आंबूस, पेजेसारखा. तिला तो ओळखता येईना. अप्पांनी दारातूनच एक दीर्घ श्वास घेतला.

"खळ," ते म्हणाले. "सुताक लावतत ती."

मग ते मशीनपाशी गेले आणि कॅबिनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मंजुळाने त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा इतका निवांत होता की ती हात काढून मागे सरली.

रविवारी पाचला शिवा आला. तीस फेरे, चूक शून्य. त्याने टेस्ट थांबवली, गेम लावून बघितला, खुर्चीत मागे रेलून शिट्टी मारली.

"मक्खन चालतंय, ताई! झालं. बाराही तुझ्या. उद्या येऊन जागा बघून जा."

चिकटपट्टी त्याने स्वतःच काढली, झाकण उघडायचीही त्याला गरज वाटली नाही. तो जिना उतरला, तेव्हा मंजुळा कठड्याला धरून उभी होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला अख्ख्या पार्लरचं काम दिलं होतं. देवाचे, शिवाचे, त्या दोन पट्ट्यांचे, सगळ्यांचे आभार तिने मानले.

मग ती टेबल आवरायला आली. मशीन चालूच होती, शिवाने गेम बंद केल्यावर स्क्रीनवर पुन्हा मेमरीचा आकडा आला होता. खोडरबर ठेवायला तिने टिनचा डबा उघडला.

डब्यात नवी पट्टी होती.

तिने ती उचलून पाहिली. चार जीबी. शुक्रवारी घासलेली, सोनेरी दात लखलखीत.

तिने स्क्रू काढले. झाकण बाजूला केलं.

जुनी पट्टी आपल्या जागी होती. शेजारची खाच रिकामी. खाचेत तुसाचा एक बारीक धागा ताणलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो थरथरत होता.

स्क्रीनवर ८१९२.

"अप्पा," ती म्हणाली. अप्पा तिच्या ओठांकडे बघत नव्हते. ते खाचेकडे बघत होते.

"तीन दिस उभो आसा तो," अप्पा हळू आवाजात म्हणाले. तिने त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तीन दिस खंयचे. बत्तीस वर्षां."

त्यांनी धोटा घेतला. हात जोडले. "कुशाबा, लय उपकार झाले रे तुजे. माजी पोर उभी रव्हली. इलंय मी. सुटलंस तू."

आणि पत्र्यावर एक ठोका दिला.

धागा तुटला. स्क्रीन काळी झाली. पंखा फिरत फिरत थांबला आणि तेलाचा वास गेला.

मंजुळाने थंड बोटांनी नवी पट्टी खाचेत बसवली. दोन्ही कड्या कटकन लागल्या. तिने बटण दाबलं. ८१९२. टेस्ट लावली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. लाल ओळ नाही. कुशाबाकाका जाता जाता जोडी जमवून गेले, असं तिच्या मनात आलं आणि तिने टेबलाला नमस्कार केला.

तेव्हा बीप आले. छोटे, स्वच्छ.

दोन.

अप्पांचा हात पत्र्यावरच होता. त्यांचा चेहरा उजळला. एखाद्याची आयुष्यभराची विनवणी शेवटी कुणी ऐकावी, तसा.

"निघालो रे, कुशाबा निघालो एकदाचो," ते हसत म्हणाले. "जा, बिनघोर जा. मी बघतंय."

त्यांनी धोट्याने उलट दोन ठोके दिले, स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसले.

सात वाजता मंजुळाने पानं घेतली. त्यांच्या खांद्याला हात लावून, समोर येऊन म्हणाली, "अप्पा, जेवायला चला."

त्यांनी नुसती मान हलवली. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होती, चार साचे बघत असल्यासारखी.

"एक ठोको खंय पडलो अजून?" ते म्हणाले.

खोलीतला पंखा बंद होता. त्यांच्या पांढऱ्या केसांवर, भुवयांवर, मांडीवरच्या उघड्या तळहातावर बारीक तूस बसायला लागलं होतं.