पूर्वपुसणी

स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली आणि फरशीवर गरगरत राहिली. दुपारचं घर इतकं निपचित होतं, की ती थांबेपर्यंत हेमांगीने श्वास धरून ठेवला. वाटी पाडणारं शेजारचं मांजर खिडकीतून पसारही झालं. पलंगावर शमू कुशीवर वळली, अंगठा तोंडात गेला, पुन्हा झोप लागली. म्हणजे अजून थोडा वेळ हातात होता.

हेमांगी संगणकाच्या पडद्याकडे वळली आणि गोंधळली. वाटी पडायच्या जरा आधी तिने टाचेच्या बाहेरच्या अंगाला एक रेघ काढली होती. काढली होती ना? हाताला तर आठवत होती, तिचा बाकसुद्धा. पडद्यावर मात्र तिथे काहीच नव्हतं.

आराखडा शमूच्या डाव्या पायाच्या बुटाचा होता. चार वर्षांच्या या लेकीचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. त्याला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा बूट हेमांगी स्वतः घरी बसून आखायची आणि शिरोलीतला एक कारखाना तो थरावर थर देत छापून द्यायचा. आधीचे तिन्ही बूट टाचेला काचले होते. हाही काचला तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

संगणकावर आखणाऱ्यांच्या सोयी एकेक करून वाढत गेल्या होत्या. हेमांगी शिकत होती तेव्हा कोपऱ्याजवळ नेलेला बाण आपसूक कोपऱ्याला चिकटायचा, त्याचंच केवढं कौतुक. मग पुढची रेघ आधीच फिकट दिसायला लागली. पटली तर टिचकी मारायची. आणि आता ही मनगटावरची पट्टी, घड्याळाहून हलकी. तिच्यामुळे आलेल्या सोयीला सगळे पूर्वपुसणी म्हणायचे. चूक दिसायच्या आधीच पुसली जायची. आखणारे खूश होते. दिवसभर काम करावं आणि एकही चूक डोळ्यांना दिसू नये, याची सवय फार लवकर लागते.

तिने निखतताईला फोन लावला. निखत मुजावर कॉलेजात तिच्या पुढे होती. पट्टी बनवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक.

"ताई, तुमची पट्टी माझ्या रेघा खायला लागलीय."

"पट्टी कशाला खाईल? तिला अक्कल कुठाय तेवढी. जेवलीस का?"

"शमू उठायच्या आत सांग ना. मी रेघ काढते आणि ती नसते. मला वाटायला लागलंय की मला वेडबिड लागतंय."

निखत हसली. "असं बघ. भाजीत चुकून दुसऱ्यांदा मीठ घालायला गेलीस, तर हात मधेच जरा अडखळतो की नाही? आठवतं नंतर, अडखळतो आधी. चूक हाताच्या स्नायूंना मनाच्या आधी कळते. ते अडखळणं पट्टी टिपते आणि रेघ दिसायच्या आत पुसते. काय चूक, काय बरोबर, हे ती ठरवत नाही. तूच ठरवतेस."

"मी नाही ठरवलं."

"तुझ्या हाताने ठरवलं. थांब, पुसलेलं बघू दे."

निखतने तिकडून काहीतरी बदललं आणि पडद्यावर टाचेच्या बाहेर तांबड्या रेघांचा गुंता उगवला, फणीत अडकलेल्या केसांसारखा. सगळ्यांचा बाक एकच होता. हेमांगीने शमूच्या पायाचं मोजमाप त्यावर ठेवून पाहिलं. रेघा तंतोतंत बसल्या. बरोबर रेघ तिने कितीदा तरी काढली होती आणि तितक्याच वेळा तिच्याच हाताने ती नाकारली होती. म्हणजे आधीचे बूट...

"ताई, ते तिन्ही बूट माझ्यामुळे काचले?"

"अगं, तू आधी नोकरीत पंपाची झाकणं आखायचीस ना? कशी आखायचीस?"

"अर्धं काढायचं आणि आरसा मारायचा. सगळेच तसं करतात." आरसा म्हणजे अर्ध्या चित्राची दुसरी बाजू उलटवून पुरी करणारी आज्ञा.

"मग झालं तर. इतकी वर्षं हाताला दोन्ही बाजू सारख्याच लागतात. वाकडं आलं की तो कचरणारच. सवय आहे, दुसरं काय."

"सवयच असेल ना?"

"पट्टीला कारण कळत नाही गं, हेमा. हात कचरला, एवढंच कळतं. पुसणी बंद कर. नुसता दिवा चालू ठेव. हात कचरला की पट्टीवरचा दिवा लागेल, रेघ मात्र राहील."

दिवा लागत राहिला, रेघ राहिली. शमू डोळे चोळत येऊन मांडीवर बसली आणि मनगटावरच्या तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"

"आईचं चुकलं की लागतो."

"खूप चुकतंय तुझं," शमू म्हणाली. तिला मजा वाटली. मग आईने रेघ काढावी आणि हिने "चुकलं, चुकलं" म्हणत टाळ्या वाजवाव्यात, असा खेळच झाला. हेमांगीही हसत होती आणि हसता हसता आखत होती.

बूट आला तो बेढब दिसत होता, एका अंगाने फुगलेला. शमूने घातला, आधी भिंत धरली, मग सोडली. खोलीतून स्वयंपाकघरात गेली, तिथून मांजराला हाकलून परत आली. टाच कुठे काचली नाही. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातला दुसरा आराखडा अर्धवट टाकून ती तशीच खाली बसली, मनगटाला पट्टी होतीच.

"आण बघू, कुठे लाल झालंय का."

तिने बूट काढला. वळलेलं, उबदार, घामेजलेलं पाऊल दोन्ही तळव्यांत घेतलं. कुठे वळ नव्हता, कुठे ओरखडा नव्हता. तिने ते गालाला लावलं, रोज लावायची तसंच. जगात यापेक्षा लाडकं तिला काही नव्हतं, आणि हे तिला अगदी नक्की माहीत होतं.

मनगटावरचा दिवा लागला.

ती काहीच आखत नव्हती. रेघ नव्हती, आरसा नव्हता. हेमांगीने पाऊल खाली ठेवलं, दिवा विझला. तिने उजवं पाऊल धरलं. काही नाही. पुन्हा डावं धरलं, या वेळी अगदी हळू, आणि स्वतःला बजावत, पण काय बजावायचं हेच तिला सुचत नव्हतं. दिवा लागला. भीती असेल. ऑपरेशनची धास्ती असेल. पोटुशी असताना आपण काय चुकीचं खाल्लं, कसं वागलो, हे रोज मनात येतं, ते असेल. पट्टीला कारण कळत नाही.

शमू मान वाकडी करून ठिपक्याकडे बघत होती. या वेळी तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"आई, आता तर तू काहीच काढत नाहीयेस. मग काय चुकलं?"