सुकाणूचा काटा

भुतं खरी असतात का, ते मला विचारू नका. या गोष्टीत माझी सख्खी मोठी बहीण गेली आहे. त्यामुळे निदान खोटं तरी म्हणू नका.

१९५६ सालचा पोळा. इंझोरीजवळचं आमचं गाव. दिवेलागणीची वेळ.

तीच ही बहीण, तुळसा. तेव्हा चार वर्षांची. तिला घटसर्प झाला होता. श्वास घेताना तिच्या घशातून शिटी वाजायची. डॉक्टर तलावाच्या पलीकडे. काठाने गेलं तर चिखलातून सहा मैल. पाण्यातून पंधरा मिनिटं.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही. माझे वडील जगदेव चार दारांत जाऊन रडले. बैलजोडी कोणीच दिली नाही.

उरली मारोतराव देशमुखांची मोटरबोट. त्यांनी ती हौसेपायी आणली होती, चालवायचे मात्र वडीलच. चाकासमोर घड्याळासारखी एक तबकडी होती. मागे पाण्यात सुकाणू कुठे वळलंय, ते तिच्यातला काटा दाखवायचा.

आमच्याकडे जो राबतो त्याचा पोळा. म्हणून सकाळी वडिलांनी बोटीलाही हळद-तूप चोळलं होतं. सुकाणूला नवा दोर बांधला होता, वेसण म्हणून. लोक हसले होते.

आई तुळसाला मांडीवर घेऊन बसली. बोट निघाली.

"घरी जाऊ," तुळसा म्हणाली.

अर्ध्या तलावात काटा हलला...

चाक सरळ होतं. काटा डावीकडे.

बोट गावाकडे वळू लागली.

वडिलांनी चाक उजवीकडे पिळलं. काटा डावीकडेच.

"काहून फिरून राह्यली बोट?" आई म्हणाली. "पोरीचा जीव चालला न."

"दोर अडकला वाटते सुकाणूत. माह्याच हातानं बांधला म्या." वडील रडत होते.

पुन्हा चाक. पुन्हा काटा... डावीकडे.

तीनदा बोट गावाकडे फिरली. तुळसाची शिटी बारीक होत चालली होती.

बोटीत शेवाळ कापायचा विळा होता. वडिलांनी इंजिन बंद केलं. मागे पालथे पडून काळ्या पाण्यात हात घातला.

सुकाणूला काहीतरी घट्ट धरून होतं... मऊ, लहान मुठीएवढं.

दोर भिजून फुगला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी विळा अडकवला आणि जीव खाऊन ओढला.

सुटलं.

"गोजरा, काटा पाह्य."

"मधात आला," आई म्हणाली.

मग सगळं शांत झालं...

इंजिन बंद होतं. पाणी हलत नव्हतं. शिटीही वाजत नव्हती.

आईने तुळसाच्या छातीला कान लावला. तिचा हंबरडा दोन्ही काठांनी ऐकला.

त्यानंतर बोट सरळ पलीकडे लागली. एकदाही वळली नाही. डॉक्टरांना फक्त पापण्या मिटायच्या होत्या.

वडील कंदील घेऊन बोटीच्या मागे गेले. त्या दोराचे तुकडे करून फेकायचे होते त्यांना.

दोर अख्खा होता. सुकाणूच्या दांड्याला, पाण्याच्या वर. कोरडा. गाठही तशीच.

वडील पुढे तीस वर्षं जगले. पण बोटीचं नाव काढलं नाही. शेवटच्या आजारपणात मात्र माझं मनगट धरून एकच विचारत राहिले.

"दोर तं वरच होता. मंग म्या कापलं काय?"

मी म्हटलं, शेवाळ असेल, बाबा.

एवढं मोठं खोटं मी आजवर कुणाशी बोललो नाही.