चंद्राबाईच्या दोऱ्यावरचं लुगडं

लोंढ्याला मी गेलतो ते लुगडं पोचवायला. पांढरं, काळ्या काठाचं. मागावरून उतरवलं, घडी घातली, सकाळची गाडी धरली. बोलपटवाल्यांनी तिथं रानात तंबू ठोकले होते. आमचंच जुनं मुकं चित्र ते परत काढणार होते, आवाज घालून, आणि लुगडं त्यांनीच त्यासाठी मागवलं होतं.

आमचं म्हणजे शहापूरच्या भरमूचं. त्याच्याकडं एक जुना कॅमेरा, बाकी काही नाही. दिवे कुठले आणायचे? भर उन्हात चित्र घ्यायचं, फिल्म निळ्या रंगात बुडवायची, झाली रात्र. हडळ व्हायला कोणी बाई तयार होईना, तेव्हा माझी बायको चंद्राबाई उठली. मी विणलेलं लुगडं नेसून विहिरीकडनं नुसती चालत आली. निपाणीच्या तंबूत तंबाखूचे व्यापारी बाकावर पाय घेऊन बसले होते तिला बघून.

पुढं ती तापानं गेली. तिचा फोटो नाही. ती रीळ तेवढी होती, आणि भरमूनं ती या लोकांना बघायला दिली.

बोलपटवाल्यांचे साहेब तंबूत चहा पीत होते.

"लुगडं आणलंय," मी म्हणालो. "माझी रीळ द्या. बायको हाय त्यात."

"म्हातारबा, ती धुवून चांदी काढली कधीच. तसल्या भिकार फिल्मचं काय करायचंय? आता बघा, खरं भूत दाखवतो लोकांना."

माझ्या अंगाची आग झाली. चांदी काढली म्हणे. माझ्या बायकोला धुवून.

आमच्यात नवा ताणा मागावरच्या जुन्या दोऱ्यांना गाठी मारून जोडतात. आमच्या घरी ती सांधणी चंद्राबाई करायची, डाव्या हातानं. सांधणारं माणूस गेलं की त्याचे दोरे कापून नदीत सोडायचे, ही रीत. माझ्यानं कापवले नाहीत. माग सात वर्षं झाकून ठेवला, आणि हे लुगडं त्याच दोऱ्यांना सांधून विणलं. कुणाला नेसवू नका, नुसतं दाखवा, असं सांगायचं ठरवून गेलतो.

सांगितलं नाही. घडी ठेवली आणि बाजूला बसलो.

दुपारी नटी लुगडं नेसून झाडीतून निघाली. पाखरं गप्प झाली. रानात मला खळीचा वास आला, ताण्याला लावतो त्या खळीचा. कानाला यंत्र लावलेला पोरगा हळूच म्हणाला, "साहेब... बाई बोलतायत."

"तिला वाक्य नाही."

"बोलतायत... 'अवो, दोरा तुटला' म्हणतायत..."

नटीचे ओठ मिटलेले होते. साहेबांनी थांब म्हटलं, ती थांबली नाही. कॅमेऱ्याला वळसा घालून माझ्यापुढं आली, डावा हात पुढं केला, आणि कोसळली.

चित्र त्या दिवशी तिथंच बंद पडलं. लुगडं मी घेऊन आलो. कुणी अडवलं नाही.

घरी ते मागावर टाकलं, पाय धुऊन आलो, तर पदराचे दोरे मागावरच्या दोऱ्यांना बांधलेले. एकूण एक. गाठी सगळ्या डाव्या हाताच्या.

परवा साहेबांचा माणूस आलता, लुगडं परत मागायला. मी दारातूनच हाकलायला लागलो त्याला.

"म्हातारबा, लुगडं दोनच दिवस द्या," तो म्हणाला. "तुमचं काम चालू असलं तर थांबतो मी."

"कसलं काम?"

त्यानं माझ्या खांद्यावरून आत बोट दाखवलं. आत माग चालला होता.