ऐकू आलं की बटण दाबा

सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर आमचं कान तपासणीचं केंद्र आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मी एकटी सांभाळते. आत एक आवाजबंद खोली आहे, कपाटापेक्षा थोडी मोठी. चारी भिंतींना करडा फोम, जाड दार आणि दारात हातभर काच. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बाहेर मशीनपाशी. "ऐकू आलं की बटण दाबा," हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणते. बटण दाबलं की माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. खरंच ऐकू आलं म्हणून दाबलं की उगाच, ते दिव्याला कळत नाही. ते मला कळतं, म्हणून तर मला पगार आहे.

मामाची मुलगी नोकरी शोधायला माझ्याकडे राहायला आली होती. घरात तिला सगळे पिंगी म्हणतात. पंधरा दिवसांसाठी आली आणि चार महिने राहिली. आयत्या बिळावर नागोबा, असं मी तिला तोंडावर म्हणायचे आणि ती हसायची. तिच्यावर रागावणं कुणाला जमतच नसे. खालचा सायकलवाला तिला फुकट हवा भरून द्यायचा. मी सहा वर्षं त्याच्या डोक्यावर काम करतेय, मला तो अजून 'मॅडम' म्हणतो.

तिला त्या वेळी नवा नाद लागला होता. मोबाईलवर कुणी बाई शिकवायची: मिठाचं रिंगण, मेणबत्त्या, कागदावर इच्छेचं चिन्ह काढून तो जाळायचा, गेलेल्या माणसांना हाक मारायची. सोबत तिची एक मैत्रीण असायची. ती गोंदण काढायच्या दुकानात कामाला होती, म्हणून तिचं नाव सुई.

"ताई, रविवारी तुझी ती खोली दे ना," पिंगी म्हणाली. "बाई म्हणतात, पूर्ण शांतता हवी."

"आत काडी ओढायची नाही. फोम पेट घेतो."

"मेणबत्ती बाहेर ठेवू."

"आणि मीठ सांडलं तर झाडायचं तुम्ही."

रविवारी दुपारी दोन वाजता पिंगी हेडफोन लावून आत बसली. मशीनचा आवाज मी शून्यावर ठेवला होता. सुई माझ्या शेजारी बसून माईकवर प्रश्न विचारत होती. "कुणी आहे का?" दिवा लागला. मी हसले. सुईने पुढचा प्रश्न विचारला. दिवा पुन्हा लागला, विझला, लागला. पुढे सुईचे प्रश्न संपले तरी दिवा लागतच राहिला. समोर कुणी बोलत असावं आणि आपण 'हं, हं' करत असावं, तसा.

चाळीस मिनिटांनी पिंगी बाहेर आली. दुपारची झोप काढून उठल्यासारखा चेहरा होता.

"आत्या आली होती," ती म्हणाली.

तिला आत्या एकच. माझी आई.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. जाण्याआधी अकरा महिने तिची वाचा गेलेली होती. मेंदूला झटका आला आणि शब्दच पुसले गेले. मी या धंद्यातली, मला वाटलं आपण बोलतं करू. रोज सकाळी मी तिच्यासमोर चित्रांचे पत्ते धरायचे. पेला. चप्पल. खिडकी. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. अकरा महिन्यांत एक अक्षर नाही. शेवटच्या दिवशीही नाही.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही ग, गप्पा. बसमध्ये कुणीतरी तिची छत्री बदलून नेली होती, ते सांगत होती. हसून हसून पुरेवाट."

आमच्या दाराआड एक लाकडी मुठीची छत्री आहे. ती आमची नाही. कुठून आली, ते आईने मला कधी सांगितलं नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. मला मात्र एवढंच कळलं की माझ्या पोटात दुखतंय. माझ्यासाठी एक शब्द नव्हता तिच्याकडे, आणि हिच्याशी चाळीस मिनिटं छत्रीच्या गप्पा.

पुढच्या रविवारी मी स्वतः आत बसले. पिंगी काचेतून माझ्याकडे बघत होती, प्रेमाने, आजाऱ्याकडे बघावं तशी. मला माझा श्वास ऐकू आला, गिळण्याचा आवाज ऐकू आला, मग कानातलं रक्त. तासाभराने मी बाहेर आले.

"होईल ग ताई," ती म्हणाली. "तू फार ताणून ऐकतेस."

हे मला ती शिकवत होती.

त्यानंतर तीन रविवार तीच बसली. घरी येऊन मला सगळं सांगायची, अगदी भरभरून. आत्या हे म्हणाली, आत्या ते म्हणाली. मी भाजी चिरत ऐकायचे. एकदा मी सुरी खाली ठेवून विचारलं, "माझ्याबद्दल काही?"

तिने खरंच आठवून पाहिलं. "नाही. विषय नाही निघाला."

मग एका सोमवारी ती म्हणाली, डावा कान बंद झाल्यासारखा वाटतोय. मी रीतसर तपासणी केली. उजवा उत्तम. डावा बारीक, उंच आवाजांना पार खाली गेलेला, आणि मध्येच एका ठिकाणी परत वर आलेला. असा आलेख मी आयुष्यात एकदाच पाहिला होता. पिंगी खाली गेल्यावर मी आईची जुनी फाईल काढली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले.

रेघ एकच दिसत होती.

डॉक्टरांना ते दाखवणं माझं काम होतं. मी कागद खणात ठेवून दिले. आता आईचा कानही हिला मिळाला, असंच माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू?

त्या रविवारी मी एक गोष्ट केली. एक कान तपासताना दुसऱ्या कानात आम्ही खळखळाट सोडतो, नळ सोडल्यासारखा, म्हणजे त्याने मध्ये लुडबुड करू नये. पिंगी आत बसली, दिवा लुकलुकायला लागला, आणि मी तिच्या दोन्ही कानांत तो खळखळाट सोडला. हळूहळू वाढवत नेला. सुई मोबाईलमध्ये बघत होती.

दिवा थांबला.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग तो लागला आणि लागलेलाच राहिला. काचेतून पिंगीचे ओठ हलताना दिसत होते. मी मशीनची वायर ओढली. दिवा गेला, पण तिचे ओठ हलत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मान तिरपी करून. डावा कान अधू झाल्यावर आई तशी बघायची.

बाहेर येऊन ती माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"आत्या विचारत होती, बाहेर कोण बसलंय," ती म्हणाली. "फार आवाज करतेय म्हणाली. मी म्हटलं, तुझी मुलगी आहे."

"मग?"

"जाऊ दे."

"सांग."

"म्हणाली, माझी मुलगी तर माझ्यापाशी बसलीये."

सुईने मेणबत्ती विझवली. मीठ न झाडताच ती निघून गेली. त्यानंतर ती आली नाही, फोनही उचलेना.

मी त्याच संध्याकाळी मामाला फोन केला. हिला घेऊन जा, म्हटलं. तब्येत बरी नाही हिची. मामा म्हणाला, गुरुवारी येतो.

ते तीन दिवस पिंगीने मला ताई म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. आईच्या खोलीत झोपायला लागली. मी विचारलं नाही. गुरुवार येणारच होता.

गुरुवारी सकाळी मी तिची बॅग भरून दारापाशी ठेवली. पिंगी खिडकीतल्या खुर्चीत कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या कपड्यांच्या.

बेल वाजली. मी दार उघडलं.

पिंगीने मान वर केली. "ये मामा," ती म्हणाली. "चहा टाकू?"

मी मामाकडे पाहिलं. तिचा बाप तो. आता हसेल, नाहीतर ओरडेल.

तो चपला काढून आत गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नको ग. बरी आहेस ना? एकटीने सगळं सांभाळतेस."

"एकटी कुठे? हिची सोबत होती इतके दिवस."

मामा वळला. एखादा शब्द ओठावर येऊन अडावा, तसा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग वाकून त्याने बॅग उचलली.

"आवरलंस का?" तो मला म्हणाला. "चल. आई वाट बघतेय तुझी."